दवाखान्याची दोन दारं

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय मोठा आहे. वेगवेगळ्या देशांत सामान्य माणसाला डॉक्टर कसा मिळतो, हे सांगायचं आहे. मी डॉक्टर नाही, अर्थतज्ज्ञही नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि गेली बारा-तेरा वर्षं सॉफ्टवेअर लिहितो. त्यातली अडीच वर्षं कंपनीच्या कामासाठी इंग्लंडमध्ये होतो. बायको आणि लहान मुलगी सोबत होती. परदेशात संसार मांडला की आजारपण आलंच, आणि तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचायची सवय लागली.

आमच्या कामात यंत्रणा तपासायची एक साधी रीत आहे. यंत्रणेच्या जाहिरातीवर विश्वास ठेवायचा नाही. एक विनंती आत सोडायची आणि ती कुठून आत शिरते, कुठे अडते, किती वेळ अडते आणि शेवटी उत्तर मिळतं का, एवढंच बघायचं. आज आपण आरोग्यव्यवस्थांकडे तसंच बघू. त्यासाठी मी दोन रुग्ण घेतो आणि त्यांना देशोदेशी फिरवतो.

पहिला रुग्ण म्हणजे तीन वर्षांची मुलगी. रात्रीचे अकरा वाजलेत, अंग तापानं फणफणलंय, ती काही खात नाही. आईबापाला कळत नाही की साधा ताप आहे की काही गंभीर. दुसरा रुग्ण म्हणजे पंचावन्न वर्षांचा कामगार. दुपारी कामावर असताना छातीत कळ येते, दरदरून घाम सुटतो.

मुलीला हवी आहे प्राथमिक सेवा. म्हणजे जवळचा, ओळखीचा डॉक्टर, जो तपासेल, औषध देईल किंवा पुढे पाठवेल. कामगाराला हवी आहे तातडीची सेवा. प्रत्येक देशात आपण चार प्रश्न विचारू. हाक कोणाला मारायची? माणूस किती वेळात भेटतो? पैसे कोण मागतं आणि कधी? आणि दारात कागद कोणते दाखवावे लागतात?

सुरुवात इंग्लंडपासून. तिथली नॅशनल हेल्थ सर्व्हिस ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. महायुद्धानं देश कर्जात बुडालेला होता, अन्नधान्याचं रेशनिंग चालू होतं. आरोग्यमंत्री होते अन्युरिन बेव्हन, खाणकामगाराचा मुलगा आणि लहानपणी स्वतः खाणीत उतरलेले. त्यांनी तत्त्व असं ठेवलं की आजारी माणसाकडे आजाराच्या वेळी पैसे मागायचे नाहीत. खर्च मुख्यतः करातून. प्रत्येकानं आपल्या भागातल्या जीपीकडे, म्हणजे सामान्य डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं. मोठ्या तज्ज्ञाकडे जायचं तर सहसा त्याच्याच चिठ्ठीनं. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे नाव नोंदवायला ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. बेघर माणूसही नोंदवू शकतो.

आमच्या मुलीला एका रात्री असाच ताप चढला. तिथे अशा वेळी १११ हा नंबर फिरवतात. पलीकडच्या बाईंनी दहा मिनिटं प्रश्न विचारले. श्वास कसा आहे, लघवी झाली का, अंगावर पुरळ आहे का, मान वळवते का. मग नर्सचा फोन आला आणि साडेबाराला आम्हाला रात्रपाळीच्या डॉक्टरकडे बोलावलं. त्यानं कान, घसा, छाती तपासली आणि औषध दिलं. मुलांना औषधंही मोफत असतात. बायको पुढे महिनाभर टपाल बघत होती, की मागाहून बिल येईल. आलं नाही. मात्र हे फुकट नव्हतं. व्हिसा घेतानाच आम्ही दरसाल माणशी आरोग्य अधिभार भरला होता, आणि माझ्या पगारातून करही जात होता. पैसे दिले होतेच, पण ते मुलगी तापलेली असताना द्यावे लागले नाहीत.

आता दुसरा रुग्ण. इंग्लंडमध्ये तो ९९९ फिरवेल. छातीत कळ हा दुसऱ्या श्रेणीचा कॉल समजतात आणि रुग्णवाहिका सरासरी १८ मिनिटांत पोचावी असं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात डिसेंबर २०२२ मध्ये ही सरासरी दीड तासावर गेली होती. आपत्कालीन विभागात आलेल्यांपैकी ९५ टक्के लोकांचा निकाल चार तासांत लागावा, म्हणजे त्यांना घरी सोडावं किंवा भरती करावं, असं दुसरं उद्दिष्ट आहे. ते जुलै २०१५ नंतर गाठलंच गेलेलं नाही. जीपीची वेळ मिळवायला लोक सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावून बसतात, हेही मी पाहिलं आहे. तेव्हा इंग्लंड म्हणजे स्वर्ग असं समजायचं कारण नाही.

पण हे असं का झालं, हे समजून घेतलं पाहिजे. इथे माझ्या धंद्यातलं थोडं गणित उपयोगी पडतं. समजा एक खिडकी आहे. माणसं वेळीअवेळी येतात आणि प्रत्येकाच्या कामाला सरासरी दहा मिनिटं लागतात. खिडकी ८० टक्के वेळ कामात असेल तर रांगेत सरासरी ४० मिनिटं थांबावं लागतं. ९० टक्के असेल तर ९० मिनिटं. ९५ टक्के असेल तर १९० मिनिटं. काम ८० वरून ९५ टक्क्यांवर गेलं, म्हणजे थोडंसंच वाढलं, पण थांबणं जवळजवळ पाचपट झालं. रुग्णालयाच्या खाटांचंही असंच आहे. खाटा जवळजवळ पूर्ण भरलेल्या ठेवल्या की कागदावर कार्यक्षमता दिसते आणि दारात रांग लागते.

इंग्लंडमध्ये २०२२-२३ च्या हिवाळ्यात रोज बारा हजारांहून जास्त खाटांवर अशी माणसं होती, जी बरी झालेली होती, पण घरी किंवा वृद्धाश्रमात सांभाळायला कोणी नसल्यानं पडून होती. खाट रिकामी नाही, म्हणून आपत्कालीन विभागातला रुग्ण वर जात नाही. म्हणून रुग्णवाहिका दारातच उभी. म्हणून पुढच्या हाकेला गाडी नाही. अडथळा मागच्या दारी आणि बोंब पुढच्या दारी. हे लक्षात ठेवा, आपल्याकडे याचंच दुसरं रूप दिसणार आहे.

आता समुद्र ओलांडून नेदरलँड्समध्ये जाऊ. तिथे खाजगी विमा कंपन्या आहेत, पण विमा सगळ्यांना सक्तीचा आहे आणि मूळ पॅकेजसाठी आजारी माणसाला कंपनी नाही म्हणू शकत नाही. २००६ सालचा कायदा. तिथेही घरचा डॉक्टर हेच पहिलं दार. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी तो एकटा जागा राहू शकत नाही, म्हणून त्या भागातल्या डॉक्टरांनी मिळून रात्रीची केंद्रं काढली आहेत. आधी फोन, मग गरज असेल तर या. बऱ्याच ठिकाणी ही केंद्रं रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाला लागूनच असतात. म्हणजे आपली तापाची मुलगी आणि छातीत कळ आलेला कामगार एकाच आवारात येतात, पण दोघांची दारं वेगळी. मुलीमुळे कामगाराची रांग वाढत नाही.

पैशाचा नियम बघा. प्रौढ माणसानं रुग्णालयाच्या खर्चातले वर्षाचे पहिले ३८५ युरो स्वतः भरायचे. पण घरच्या डॉक्टरकडे जाण्याला हा नियम लागू नाही. त्याच्याकडे जायला खिसा चाचपावा लागत नाही. पहिलं दार मुद्दाम स्वस्त ठेवलं आहे.

शेजारच्या जर्मनीत विम्याची परंपरा बिस्मार्कच्या १८८३ च्या कायद्यापासूनची. वर्गणी मालक आणि कामगार मिळून भरतात. या देशानं २००४ साली एक प्रयोग केला. दर तिमाहीत डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताना दहा युरो द्यायचे. हेतू असा की लोक उगाच डॉक्टरकडे येणार नाहीत. आठ-नऊ वर्षं हे चाललं. फॉर्म आणि वसुलीचा ताप वाढला, हेतू काही साधला नाही, आणि जर्मन संसदेनं एकमतानं हे शुल्क रद्द केलं. १ जानेवारी २०१३ पासून ते बंद झालं. 'लोकांना फुकट दिलं की ते गैरफायदा घेतात' असं आपल्याकडे फार बोललं जातं, म्हणून हे सांगतो.

याच प्रश्नावर अमेरिकेत १९७० च्या दशकात रँड संस्थेनं मोठा प्रयोग केला होता. काही कुटुंबांना उपचार मोफत, काहींना थोडे पैसे, काहींना जास्त. ज्यांना पैसे पडत होते ते डॉक्टरकडे कमी गेले, हे खरं. पण त्यांनी अनावश्यक उपचार टाळले तसे आवश्यक उपचारही टाळले. आणि त्यात नवल काय? छातीतली कळ गॅसची की हृदयाची, हे रुग्णाला कळत असतं तर डॉक्टर कशाला हवा होता?

अमेरिकेची गोष्ट आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण आपण नकळत तिकडेच चाललो आहोत. तिथे १९८६ साली एक चांगला कायदा झाला. सरकारी मेडिकेअर योजनेचे पैसे घेणाऱ्या, म्हणजे जवळपास सर्वच रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागात कोणीही आला तरी त्याला तपासायचं आणि प्रकृती स्थिर करायची. पैसे आहेत का, विमा आहे का, हे विचारून त्याला थांबवायचं नाही. म्हणजे आपल्या कामगाराला तिथे दार उघडं आहे. पण कायद्यानं फक्त दार उघडलं, बिल माफ केलं नाही. बिल मागाहून येतं. २०२२ पासून अनपेक्षित बिलांविरुद्ध कायदा लागू झाला, त्यातूनही रस्त्यावरची रुग्णवाहिका वगळलेली आहे. त्यामुळे छातीत कळ असूनही टॅक्सी करून जाणारे लोक त्या देशात आहेत.

आणि तापाची मुलगी? तिच्या घरी विमा असेल तर उत्तम डॉक्टर मिळेल. अडीच कोटींच्या आसपास लोकांना कोणताच विमा नाही. त्यांच्यासाठी सरकारी मदतीवर चालणारी वस्ती-आरोग्य केंद्रं आहेत, ऐपतीप्रमाणे पैसे घेतात, चांगलं काम करतात. पण ती सगळीकडे नाहीत आणि रात्री सहसा बंद. मग आईबाप मुलीला घेऊन आपत्कालीन विभागातच येतात, कारण कायद्यानं उघडं असलेलं तेवढं एकच दार आहे. सगळ्यात महाग दार. जगात सर्वात जास्त पैसा आरोग्यावर खर्च करणाऱ्या देशात लहान दार नसल्यामुळे मोठ्या दारात गर्दी होते.

तुम्ही म्हणाल, हे सगळे श्रीमंत देश. ठीक आहे, थायलंडला जाऊ. २००२ साली थायलंडनं कायदा करून सर्व नागरिकांना आरोग्यसेवेखाली आणलं. तेव्हा त्यांचं दरडोई उत्पन्न दोन हजार डॉलरच्या आत होतं. आज भारताचं त्याहून जास्त आहे. ज्यांना नोकरीतून संरक्षण नव्हतं त्यांना, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश जनतेला, एका भेटीचे तीस बाथ भरून उपचार मिळू लागले. म्हणून तिला तीस बाथची योजना म्हणतात. यामागे डॉ. सांगुआन नित्यारुम्पोंग यांच्यासारखे, खेड्यातल्या रुग्णालयांत काम केलेले डॉक्टर होते.

पण योजना एका रात्रीत उगवली नाही. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं त्यांनी तालुक्या-तालुक्यात रुग्णालयं बांधली, सरकारी शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांना काही वर्षं खेड्यात पाठवलं, गावोगाव आरोग्य स्वयंसेवक तयार केले. दहा लाखांहून जास्त आहेत ते आज. आधी दार बांधलं, मग त्यावरची पट्टी काढली. प्रत्येक कुटुंबाचं नाव जवळच्या केंद्रात नोंदलेलं असतं आणि केंद्राला पैसे नोंदलेल्या डोक्यांप्रमाणे मिळतात. माणूस निरोगी राहिला तरी पैसे मिळतात, म्हणून त्याला निरोगी ठेवण्यात केंद्राचा फायदा.

तातडीच्या सेवेसाठी तिथे १६६९ हा नंबर आहे. २०१७ पासून जिवावरचा प्रसंग असेल तर कोणत्याही जवळच्या रुग्णालयात, खाजगी असलं तरी, पहिले ७२ तास उपचार होतात आणि रुग्णाकडे पैसे मागता येत नाहीत. त्यानंतर त्याला त्याच्या योजनेच्या रुग्णालयात हलवतात. रुग्णालयानं आपले पैसे सरकारी यंत्रणेकडून घ्यायचे. वाद झाला तर तो कार्यालयात होईल, स्ट्रेचरजवळ नाही.

आता घरी परत येऊ.

आमचं गाव यंत्रमागाचं. माझे चाचा तिसेक वर्षं मागावर होते. मजुरी कापडाच्या मीटरवर. माग बंद तर पैसे बंद. सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळी, म्हणजे नेमकी पाळीच्या वेळी. त्यामुळे डोकं दुखलं की गल्लीतल्या डॉक्टरकडे जायचं, एक इंजेक्शन घ्यायचं आणि परत मागावर. एका दुपारी त्यांना कळ आली. गल्लीतल्या डॉक्टरनं गॅस म्हणून गोळी दिली. तासाभरानं एका खाजगी रुग्णालयात नेलं, तिथे आधी डिपॉझिट मागितलं. तिथून सरकारी रुग्णालयात, त्यांनी मोठ्या शहरात रेफर केलं. शेजाऱ्याची गाडी काढली. छातीत दुखायला लागल्यापासून नीट उपचार सुरू होईपर्यंत साडेपाच तास गेले. चाचा वाचले, पण हृदयाचा मोठा भाग निकामी झाला. पुन्हा मागावर उभे राहू शकले नाहीत. पंधरा वर्षांच्या भावाची शाळा सुटली आणि तो मागावर उभा राहिला.

नंतर शहरातल्या डॉक्टरांनी विचारलं, बीपीचा त्रास कधीपासून? घरात कोणालाच माहीत नव्हतं. तीस वर्षांत कोणी त्यांच्या दंडाला पट्टा बांधून बीपी मोजलाच नव्हता. चाचांची इमर्जन्सी त्या दुपारी सुरू झाली नव्हती. ती काही वर्षं आधी सुरू झाली होती, जेव्हा लहान दार त्यांच्या पाळीच्या वेळेतच उघडं असायचं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डॉक्टर सरकारी असो की खाजगी, जीव वाचवणं हे पहिलं कर्तव्य, पोलिसी सोपस्कार नंतर. १९९६ साली पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराचा खटला आला. हा माणूस जुलै १९९२ मध्ये रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार लागला. आरोग्य केंद्रातून त्याला कोलकात्याला पाठवलं. तिथे एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही किंवा सोय नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी खाजगी रुग्णालयात सुमारे सतरा हजार रुपये खर्चून तो बरा झाला. न्यायालयानं म्हटलं की वेळेवर उपचार नाकारणं म्हणजे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही. त्याला पंचवीस हजारांची भरपाई मिळाली.

त्या निकालात एक वाक्य माझ्यासारख्याचं लक्ष वेधून घेतं. राज्य पातळीवर संपर्काची मध्यवर्ती व्यवस्था असावी, म्हणजे कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे लगेच कळेल आणि रुग्णाला थेट तिथेच पाठवता येईल, असं न्यायालयानं १९९६ मध्ये सांगितलं. तेव्हा मोबाइल फोन दुर्मीळ होता. आज पिझ्झा कुठल्या चौकात पोचलाय ते आपल्याला दिसतं. आयसीयूची खाट कुठे आहे हे मात्र नातेवाईकानं दारोदार फिरून शोधायचं. हे जमत नाही असंही नाही. कोविडच्या वेळी मुंबईत २४ वॉर्डांत वॉर रूम उघडून खाटा वाटल्या गेल्या. सॉफ्टवेअर अवघड नाही. रुग्णालयांना खरी माहिती द्यायला लावणं अवघड आहे, आणि ते काम राजकीय इच्छेचं आहे.

रुग्णवाहिकांचं बघू. महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. गाडीत डॉक्टर असतो, सेवा मोफत आहे, आणि तिनं असंख्य जीव वाचवले आहेत. २०११ ची लोकसंख्या धरली तर एका गाडीवर साधारण एक लाख वीस हजार माणसं येतात. गाडी आली तरी ती नेणार कुठे? जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देणारा माणूस नसेल, तर गाडी म्हणजे नुसता वेगवान प्रवास.

मग आपण केलं काय? विमा काढला. २०१८ पासून आयुष्मान भारत आणि राज्याची महात्मा फुले योजना. आता दोन्हींतून कुटुंबाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. याचा अनेकांना उपयोग झाला आहे, माझ्या नात्यातही झाला आहे. पण हा विमा मुख्यतः भरती झाल्यानंतरचा. बीपी मोजणं, रोजची गोळी, तापाची तपासणी, हा ओपीडीचा खर्च त्यात नाही. अँजिओप्लास्टीला लाखभर रुपये सरकार देईल, पण ती टाळणारी काही रुपयांची गोळी ज्यानं त्यानं विकत घ्यायची. २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४ टक्के होतं, म्हणजे सुधारणा आहे. थायलंडमध्ये ते दहा टक्क्यांच्या आसपास आहे.

सरकारी खर्च किती? त्याच वर्षी केंद्र आणि राज्यं मिळून देशाच्या उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहूनही कमी. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचं वचन दिलं होतं.

आता आपल्याबद्दल थोडं. आपल्या वस्त्यांत मदतीची रीत मोठी आहे. कोणाच्या बायपाससाठी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन येतं, जकातीतून, वर्गणीतून पैसे उभे राहतात, कोणी अँब्युलन्स दान करतं. मी स्वतः यात भाग घेतो आणि घेत राहीन. पण ज्याची ओळख आहे, ज्याची गोष्ट फोनवर चांगली सांगितली जाते, त्याला पैसे मिळतात. ज्या विधवेकडे स्मार्टफोन नाही तिला मिळत नाहीत. आणि मिळाले नाहीत तर तिला तक्रार करायला जागा नाही, कारण देणाऱ्यावर तिचा हक्क नाही. नागरिक म्हणून मात्र सरकारवर आहे. आपण वर्गणीवर जेवढी ताकद लावतो तिच्या निम्मी जरी दवाखान्याच्या वेळेसाठी लावली, तर पुढच्या दहा वर्षांत बायपासची आवाहनं कमी होतील.

म्हणून शेवटी चार कामं सांगतो. ती उद्यापासून करता येतील.

पहिलं, आपल्या वस्तीचं आरोग्य केंद्र शोधा. शहरात पन्नास हजार लोकांमागे एक नागरी आरोग्य केंद्र असावं असा राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा निकष आहे. तुमच्या प्रभागात आहे का? असेल तर किती वाजता उघडतं? मजूर वस्तीत ते संध्याकाळी उघडं हवं. राज्यात 'आपला दवाखाना' सुरू झाले, त्यातले काही संध्याकाळी उशिरापर्यंत चालतात. आपल्या भागात तसं नसेल तर नगरसेवकाकडे लेखी मागणी करा. माहिती अधिकारात विचारा, किती पदं मंजूर आणि किती भरलेली.

दुसरं, तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर सरकारी केंद्रात मोजून घ्या आणि नोंद करा. २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला त्याच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. गोळ्या सरकारी केंद्रात मिळायला हव्यात. संपल्या असतील तर तशी तक्रार लेखी द्या. बायकांना यात मागे ठेवू नका. घरातल्या बाईचं बीपी सगळ्यात शेवटी मोजलं जातं, हे आपण सगळे जाणतो.

तिसरं, धर्मादाय रुग्णालयांचा नियम पाठ करा. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक आणि २००६ च्या योजनेनुसार अशा रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. तातडीच्या वेळी डिपॉझिट न मागता भरती करून प्रकृती स्थिर करायची, असंही त्यात आहे. आपल्या शहरातल्या अशा रुग्णालयांची यादी धर्मादाय आयुक्तांकडून घेऊन प्रत्येक मोहल्ल्यात लावा. कोणत्याही जातीधर्माच्या शेजाऱ्याला ती उपयोगी पडेल.

चौथं, निवडणुकीत हा प्रश्न विचारा. राजस्थाननं २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. त्यावर डॉक्टरांचा मोठा संप झाला, कारण तातडीच्या उपचाराचे पैसे खाजगी रुग्णालयाला कोण आणि कधी देणार, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्तच आहे, आणि थायलंडनं त्याचं उत्तर शोधलेलं आहे. महाराष्ट्रातल्या उमेदवाराला विचारा, असा कायदा आणणार का, आणि त्यासाठी पैसे बाजूला काढणार का?

वेळ संपत आली. चिठ्ठीवर आलेले प्रश्न आता घेतो. कोणी डॉक्टर किंवा आशाताई इथे बसल्या असतील तर त्यांनी माझ्याआधी बोलावं. दारात रोज उभं राहावं लागतं ते त्यांनाच.